टॅप क्रमांक तीन

रस्त्याच्या तोंडाशी खांबावर ट्रान्सफॉर्मर.
तिथून सतरा घरं, आणि सतराव्यात
डेस्पिना कालोयेरु, वय एक्याऐंशी.
तक्रार तिच्याच शब्दांत:
"भर दुपारी माझा सूर्य बंद पडतो."

ऑक्टोबर. ॲडलेडच्या उत्तरेला
आभाळ घासून पालथं घातलेल्या ताटासारखं.
मंगळवार; एसी नको, हीटर नको,
अकरा छपरं वीज ओततायत
आणि प्यायला घरी कुणी नाही.
मी मीटर लावतो. दोनशे छप्पन्न. सत्तावन्न.
अठ्ठावन्नला भिंतीवरचा इन्व्हर्टर
टक् करून गप्प.
शेवटचं घर, म्हणून बाहेर पहिलं.

"अठ्ठ्याहत्तरात आम्ही आलो," ती सांगते,
"तेव्हा संध्याकाळी सगळ्या रस्त्यानं ओव्हन लावले
की माझा दिवा आजारी पडायचा.
वरच्यांचं जेवून झालं की आम्हाला उरलंसुरलं.
स्टाव्ह्रोसनं तीन पत्रं लिहिली.
मग तुमच्यातलाच एक आला, खांबावर चढला,
काहीतरी फिरवलं आणि दिवा पांढराशुभ्र.
मी त्याला टोपलीभर अंजिरं दिली."

ते काहीतरी मी सकाळीच पाहून आलोय.
टॅप तीनवर. गंजानं धरून ठेवलेला.
कुणा भल्या माणसानं
शेवटच्या घरासाठी चढवून ठेवलेला दाब,
सेहेचाळीस वर्षांनी
त्याच घराच्या मुळावर आलेला.

"एक पायरी उतरवला तर दुपार सुटेल," मी म्हणतो,
"पण जुलैच्या रात्री, सगळे घरात, छपरं काळी,
तेव्हा तुमचा दिवा..."
"आजारी," ती म्हणते. "आणि आत्ता? या घटकेला?"
"आत्ता कुणीतरी वापरायला हवी. जवळच. पुष्कळ."

ती चपला न घालताच समोर गेली.
सोळा नंबरात थुय, रात्रपाळी करून झोपलेली;
भाड्याचं घर, उघडं छप्पर,
घरमालकाला पॅनल परवडत नाहीत
आणि तिला बिल.
डोळे चोळत तिनं आठवड्याचे कपडे मशीनमध्ये कोंबले,
मागचे ओले ड्रायरमध्ये.
चौदातल्या डेंग आजोबांनी पोहण्याच्या तळ्याचा पंप सोडला,
तळ्यात बेडूक होते, तरीही.
डेस्पिनानं ओव्हन लावला, आत काहीही न ठेवता,
मग लाज वाटून पीठ मळायला घेतलं.

पंचावन्न. त्रेपन्न. एकावन्न.
इन्व्हर्टरनं मिनिटभर विचार केला आणि हिरवा डोळा उघडला.
लगेच दोन चढले.
तिनं केटलही लावली.

फॉर्मवर एक चौकट असते: केलेली दुरुस्ती.
मी पेन धरून उभा.
तिनं अंजिराच्या मुरांब्याची बाटली पुढे केली.
"मी अजून काही केलेलं नाही," मी म्हटलं.
"त्यानं केलं होतं," ती म्हणाली,
"तेच तर निस्तरतोय आपण. घे."

समोर ड्रायर थांबला.
दोनशे चौपन्न.