अकरा मिनिटं

पवननगरच्या तिसऱ्या गल्लीत अ‍ॅम्प्लिफायर जळाला
तेव्हा आठ सत्तेचाळीस झाले होते,
आणि ‘काजळगड’च्या दोनशे सोळाव्या भागात
नावाडीण तमाळी
सातव्या दारासमोर होडी बांधत होती.

हे मला नंतर कळलं.
मी मालिका बघत नाही, पोचवतो.

फोन सुरू झाले.
“काय व्हयनं रे भो? मरी गयी का ती?”
साक्रीकडच्या भामरे मावशी.
वायर माझ्या हातात
म्हणजे गोष्टही माझ्याच हातात, असं त्यांचं गणित.

खांबाला शिडी लावली.
आमची गल्ली काळीठिक्कर
आणि रस्त्यापलीकडे, दुसऱ्या लाइनीवर,
खिडकी-खिडकीत तोच निळा उजेड
एकाच वेळी दचकणारा.
बनियनवरचा एक माणूस घास हातात धरून उभाच राहिला.
कुणीतरी म्हणालं, “नाही.”
मग आणखी तीन-चार घरांतून, “नाही, नाही.”
दूध उतू गेल्याचा वास थेट माझ्यापर्यंत आला,
कुणी उठलं नाही.
मी पकडीनं तार सोलत होतो.

आठ अठ्ठावन्नला चित्र आलं.
साबणाची जाहिरात.

दुसऱ्या दिवशी वसुलीला निघालो
तर बिलाचं कुणी बोलेना.

नोट प्रेसमधून निवृत्त झालेले विसपुते
फाटकातच उभे:
“एकतिसाव्या भागात स्वच्छ सांगितलंय,
सावली विकता येते, देता येत नाही.
मग ही बाई नदीला देते कशी?
चौतीस वर्षं छापलेल्या नोटांतले दोष शोधले मी.
मला फसवतात?”

त्रिमूर्ती चौकात निकुंभनं वस्तरा थांबवला.
“सावली गेली म्हणून माणूस जातं का, राव?
येणार ती. लिहून घ्या.”
खुर्चीतलं गिऱ्हाईक, अर्धा गाल फेसात,
डोळे न उघडता म्हणालं, “गेली.”

बिटको हॉस्पिटलातून रात्रपाळी करून आलेली शलाका पगार,
तिनं मोबाइलवर पाहिलं होतं, आवाज बंद करून,
दोन सलाइनच्या मधे.
“ती दिसेनाशी झाली त्याचं काही नाही, दादा.
होडी रिकामी झाली
तरी पाण्यात तेवढीच बुडालेली होती.”
मग बराच वेळ कुलपात किल्ली फिरवत राहिली.

देवऱ्यांचा धाकटा, दुसरीतला,
भिंतीला चिकटून शाळेत गेला म्हणे.
उन्हात यायला तयार नव्हता.

असं चौदा तोंडांतून ऐकलं.
दुपारी मोकळ्या रस्त्यावर एक छोटा हत्ती
माझ्या सावलीवरून गेला
आणि मी पाय मागे घेतला.
स्वतःचीच लाज वाटली थोडी.

दीडला पुनर्प्रक्षेपण.
खैरनार बाईंनी सकाळपासून
कुणालाही घरात येऊ दिलं नव्हतं, कुणी सांगून टाकेल म्हणून.
मला म्हणाल्या, “तू बैस.
पुन्हा गेलं तर इथंच हवास.”
फॉल-पिकोचं मशिन त्यांनी बंद केलं,
मांडीवर कुणाचीतरी अबोली साडी तशीच.

मी पकड हातात घेऊन बसलो.

चौदांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं
की नदीला देण्याआधी
तमाळी आपली सावली झटकते,
कडेला कड लावून
घडी घालते,
वरून एकदा हात फिरवते.

बाई पुढे झुकल्या.
पाणी काळं झालं, दार उघडलं,
संगीत काय ते मोठं झालं.
त्या रडतील म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

“पदर आत गेला तिचा,” त्या म्हणाल्या.
“पदर वर ठेवायचा असतो.
उघडणाऱ्याला आधी तोच दिसला पाहिजे.”

आणि मांडीवरची साडी उलगडून
पुन्हा घडी घालायला लागल्या, सावकाश,
टीव्ही चालूच.

तीनशे वीसचं बिल.
दारात म्हणाल्या, “अकरा मिनिटांचे कापून घे.”
मी पावतीच्या मागे हिशेब करून पाहिला,
आठ पैसे येतात.
रुपया परत दिला.
त्यांनी तो मोजून घेतला.