फ्रेंच बचाव, तिसरी चाल

मुलुंड पूर्व. शाळेचा हॉल, पाचवी फेरी, टेबल एकसष्ट.
समोर मिहिका कोठारी, घाटकोपर, वय वर्षं दहा.
पाय जमिनीला टेकत नाहीत.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.

तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.
मी एकच.
हे मला टिपणीसनं शिकवलं, माझगाव डॉकच्या कँटीनमागं,
इलेक्ट्रोडच्या खोक्यावर खडूनं पट आखून:
"आधी दार लावून घ्यायचं. मग बघू कोण येतंय ते."

अडतीस वर्षं लावून घेतलं.
या बचावात एक उंट आतच राहतो,
पांढऱ्या घरांवर चालणारा,
आपल्याच प्याद्यांच्या पाठीमागं.
त्याच्यावाचून खेळायची सवय होते.
कितीतरी डाव हरलो, काही जिंकलोही,
तो आपला जागेवर,
फक्त सहीपुरता कामावर येणाऱ्यासारखा.

लोक प्यादं पुढं रेटतात, कोंडी घट्ट होते,
मला बरं वाटतं.
मिहिकानं तिसऱ्या चालीला मारलं.
नुसतं मारलं.
मीही मारलं, दुसरं करणार काय.
तिनं घोडा काढला.
आणि बघतो तर उंटाची वाट मोकळी,
थेट एच तीनपर्यंत,
मध्ये चिटपाखरू नाही.

बावीस मिनिटं गेली.
तिनं बाटलीवरचं स्टिकर नखानं सोललं,
पंचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
शेवटी मी उंटाला हात लावला.
हात लावला की हलवावाच लागतो.
एफ पाचवर ठेवला.
डोक्याची खाच बोटाला नवीच लागली.

तिनं लगेच आपला उंट आणून भिडवला.
मी तिचा घेतला, तिच्या वजिरानं माझा.
अडतीस वर्षं आत,
बाहेर जेमतेम दोन चाली,
आणि मग टेबलाच्या कडेला, आडवा.

चौतिसाव्या चालीला मी हात पुढं केला.
तिनं गोल गोल अक्षरात निकाल लिहिला,
खोडरबरानं काहीतरी खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.
"अंकल, तिथे एवढा टाइम का घेतला?
ती तर इझी होती."

रात्री डोंबिवलीला फोन लावला.
टिपणीसला हल्ली कमी ऐकू येतं.
"हरलास? बरं. आणि उंट?"
"बाहेर आला होता."
"कोण?"
"उंट!"
"कुठे आला होता म्हणतोस?"
"बाहेर," मी ओरडलो, "बाहेर!"
समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी
खिडकीतून वाकून
खाली रस्त्यावर पाहिलं.