दृष्टीचा त्रिकोण

या गावात मला फूटपट्टी म्हणतात.
तोंडावर नाही. तोंडावर मिस क्लासन.
नगर परिषदेची गाडी, मागच्या सीटवर
नव्वद सेंटिमीटरची काठी, टोक नारिंगी,
आणि कलम एकोणीसची घड्या पडलेली प्रत:
चौकापासून सहा मीटर इकडे, सहा मीटर तिकडे,
मधल्या त्रिकोणात काठीहून उंच काही नको.
झुडूप नको, फळी नको,
ढीग नको, बर्फाचासुद्धा.

मॅनिटोबाची ही सपाटी.
पलीकडच्या गावात कुणी दिवा मालवला
तर इकडे कळतं.
एवढ्या मोकळ्या मुलखात
दिसत नव्हता तो फक्त तिसऱ्या गल्लीचा कोपरा.
कुंपण शेत खातं म्हणतात;
ओसिप हालचुकचं कुंपण रस्ता खायचं.
दोन मीटर उंच, देवदाराच्या फळ्या,
फळीला फळी अशी भिडवलेली
की नखही जाऊ नये.

सप्टेंबरात त्या फळ्यांमागून
आनीका डिकची सायकल निघाली, आणि गव्हाचा ट्रक.
खांद्याचं हाड दोन ठिकाणी. वय नऊ.
जगली; हे आधी सांगायला हवं होतं.

सभेत फर्न लाव्हाले उभी राहिली, ट्रकवाली,
हातातल्या टोपीची कड पिळत.
"पाटीपाशी मी थांबले होते," ती म्हणाली.
"पूर्ण थांबले होते. थांबून
काय बघितलं? फळ्या."
मग बसली. पुन्हा उठली.
"फळ्याच," म्हणाली.

ओसिपला विचारलं, एवढं उंच कशासाठी?
तो टेबलाकडे बघत राहिला.
कुणीतरी मागून म्हणालं, माणूसघाणा.
ठराव झाला. सहा विरुद्ध शून्य.

नोटीस घेऊन मी गेले, तर त्याने फाटक उघडलं.
चार वर्षांत कुंपण आतून पाहिलं नव्हतं मी;
मोजमाप सगळं रस्त्याच्या बाजूने.
आतल्या बाजूला, कोपऱ्याच्या खांबावर,
एक कडी होती. दार नसलेली.
कडीभोवतीचं लाकूड गुळगुळीत, काळपट,
जात्याच्या खुंट्यासारखं.

"पराश्काची," ओसिप म्हणाला.
"रात्री उठायची. फट दिसली की रस्ता दिसे,
रस्ता दिसला की आई आठवे,
आणि आईला जाऊन पन्नास वर्षं.
मग फटी बुजवल्या. कडी लावून दिली.
तासभर खुडबुडायची, दमायची,
म्हणायची, आज बंद आहे, उद्या जाऊ."
तिला जाऊन तीन हिवाळे झालेत.
"सभेत का नाही सांगितलंत?"
"त्या पोरीचं हाड मोडलं," तो म्हणाला.
"त्यात हे कुठे सांगू?"

मी काठी टेकवली. दुसरं काय करणार होते?
काठीला दया नसते म्हणूनच ती काठी.
फळ्या: दोनशे चार. कडी: एकशे दहा.
नोटिशीवर त्याची सही घेतली. पेन त्याचंच.

मग त्याला माझ्या गाडीत बसवलं,
चालकाच्या जागी, पाटीपाशी.
"डावीकडे बघा."
तो बघत राहिला, बराच वेळ,
स्वतःच्याच फळ्यांकडे, बाहेरून.
इंजिन बंद होतं, तरी
त्याचा पाय ब्रेकवर होता.

शनिवारी त्याने करवत काढली.
फर्नही आली, न बोलावता,
फळ्या उचलू लागली. दोघं बोलली नाहीत.
एकदाच ती म्हणाली, "खिळा आहे, सांभाळा."

खांबाशी येऊन करवत थांबली.
मी कलम काढलं, पोटकलम चार, आणि मोठ्याने वाचलं:
पंधरा सेंटिमीटरहून अरुंद असलेल्या
सुट्या खांबास उंचीची अट लागू नाही.
खांब मोजला. साडेबारा.
ओसिपने अडीच सेंटिमीटरचं ते अंतर
दोन बोटांत धरून पाहिलं.

आनीका अजून त्या गल्लीने जात नाही.
तिची आई मला दुकानात ओळख देत नाही:
चार वर्षं काठी गाडीतच होती ना?
होती.

आता मी पाटीपाशी थांबते.
डावीकडे कापलेलं गवत, खांब, कडी,
त्यापलीकडे रस्ता, पार रुळांपर्यंत.
बघते. पुन्हा बघते.
मग निघते.