लाळ

कापूस फिरवला तेव्हा जखम अजून ओली होती.
कोकराच्या मानेवर चार भोकं,
वरची दोन खोल, खालची उथळ,
चिकटलेली लोकर, गोमाश्या.
नान्नजचा माळ, सकाळचे सव्वासात
आणि ऊन आत्ताच दुपारसारखं.

सिदाप्पा बंडगर उकिडवे बसले होते.
लांडगंच हाय, म्हणाले, लिवा.
वनरक्षक नदाफ म्हणाले, कुत्रं निघालं तर पैसे नाहीत बाबा,
माझ्या हातात काय नाही,
फॉर्मवर दोनच चौकटी आहेत.

मी नळीचं झाकण लावलं. वर लिहिलं: स १४, उजवी मान.
लाळ एवढीशी,
तिच्यात कोकराचं रक्तही आलेलं.
मारणारा आणि मेलेलं, एकाच नळीत.

लाळेला बोलतं करायचं
तर आधी कोकराला गप्प करावं लागतं.
असा प्राइमर घ्यायचा जो मेंढीला ओळखतच नाही,
श्वानकुळाचंच टोक धरतो.
मग यंत्र तापतं, निवतं, तापतं, निवतं,
एकाचे दोन, दोनाचे चार,
पस्तीस फेरे.
केगावात दुपारी तीनला वीज गेली
तेव्हा एकविसावा चालू होता.
मी यंत्रावर हात ठेवून बसले,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

रात्री जेलवर पट्टे उमटले.
नायनांना फोनवर फोटो दाखवला.
अठ्ठावीस वर्षं ते जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडत होते,
चादर विणायच्या आधी मोर त्यांना भोकांतच दिसायचा.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
यात मोर कुठाय?
म्हटलं, तेच शोधतेय.

आईकडून येणारा धागा वाचला: लांडगा.
एक अक्षर इकडंतिकडं नाही,
याच माळावरचं जुनं घराणं.
बापाकडून फक्त लेकालाच मिळतो तो वाचला: कुत्रा.
तीनदा वाचला.
नळ्या बदलल्या, हातमोजे बदलले,
एकदा तर टेबलच बदललं.
कुत्राच. कुठल्यातरी वस्तीवर भाकरीवर वाढलेला.

मातृभाषा विचारतात तेव्हा मी तेलुगू लिहिते.
चिडते मराठीत.
मंगळवार बाजारात कानडीतून भाव पाडते, मोडकातोडका.
त्या रकान्यात एकच शब्द मावतो,
मी कधी तक्रार केली नाही.
या नराच्या वतीनं मात्र करावीशी वाटली.

नदाफांना फोन केला.
मग खूण कुठं करू?
दोन्हीकडं करा.
दोन्हीकडं केली की संगणक घेत नाही मॅडम.
बराच वेळ आम्ही दोघंही लाइनवर होतो,
त्यांच्याकडं पंखा वाजत होता.

सिदाप्पांना सांगायला स्वतः गेले.
वाटलं होतं, पैशाचं विचारतील,
किंवा हसतील माझ्या यंत्राला.
त्यांनी तंबाखू मळली, चुना झटकला.
म्हणाले,
वढ्याकडंची लांडगी येकटीच उरली हुती, दोन सालं.
जोडीदार बार्शी रोडला ट्रकखाली गेला तिचा.
काय करंल मग ती?
वरडायची रातची. उत्तर यायचं ते वस्तीवरनं.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

ठाऊक म्हंजी काय.
कान बघितलं तर लांडग्याचं, जरा लवतं.
चाल लांडग्याची.
रंगाचं काय, माळाला लागला की समदं तांबूसच दिसतं.

मी वही काढली नाही.
खाली मेंढ्या एकमेकींच्या सावलीत डोकी घालून उभ्या होत्या.
उरलेल्या कोकरांना त्यांनी जाळीखाली घेतलं होतं.

मग बरंच थांबून, माझ्याकडं न बघता,
येक सांगू का,
पिल्लू उचलायच्या आदी त्यानं माज्याकडं बघितलं,
आन् शेपटी हलवली.
हातात दगूड हुता माज्या.
न्हाई फेकला.
यू यू बी केलं न्हाई.