राखीव

शिनचूला वारा बाराही महिने असतो,
पण ऑक्टोबरातला वेगळा. तो डोंगर उतरून येतो
आणि आमच्या इमारतीच्या काचा दिवसभर कण्हत राहतात.
तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत,
मी सातशे बारा पानांची राखण करते.

प्रत्येक पानावर तिरकं, फिकट,
घेणाऱ्याचं नाव छापायचं,
पान फुटलं तर कुणाच्या हातून फुटलं ते कळावं.
करारावर सही, सहीवर शिक्का,
शिक्क्याशेजारी माझी आद्याक्षरं.
एवढं झाल्याशिवाय
चिपच्या पायांची नावंसुद्धा मी कुणाला सांगत नाही.

तार्तूहून काल्यु माण्डर लिहितो.
एस्टोनियातलं गाव. मला नकाशात शोधावं लागलं.
शाळांनी टाकून दिलेले लॅपटॉप तो पुन्हा उभे करतो.
सगळं चालतं, म्हणतो, फक्त तुमचं वायफाय मुकं आहे.
पुस्तक नको. एकच आकडा द्या:
वीज आल्यावर पहिल्या आज्ञेआधी
किती वेळ थांबायचं?

मी कळवते: सदर माहिती सध्या उपलब्ध नाही.

का, ते मी विचारलेलं आहे.
वकीलबाई झान चहा ढवळत म्हणाल्या,
आपण कुणाकुणाच्या बांधावरून चालत इथवर आलो
ते आपल्यालाच नीट ठाऊक नाही,
पावलं कशाला दाखवायची?
विक्रीतला मुलगा म्हणाला,
दहा लाख चिपा घेणाऱ्याला पुस्तक मिळतं,
पुस्तकाबरोबर समजावणारा माणूस मिळतो.
एक घेणाऱ्याला चिप मिळते.
आणि रेडिओचा निम्मा भाग तर
दुसऱ्याच कंपनीकडून आणलेला.
त्याची पानं आमच्याकडेही काळ्या पट्ट्या मारूनच आली.
म्हणजे मी जी मूठ झाकून बसलेय
तिच्यात काय आहे ते मीही पाहिलेलं नाही.

पान दोनशे बारा. बिट तीन: राखीव. शून्यच लिहावे.
नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं
राखीव म्हणजे कुणीतरी यायचं आहे,
त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवलीय.
अकरा वर्षं झाली. कुणी आलं नाही.

मार्चमध्ये काल्युचं पुन्हा पत्र.
तुमचा मूळ ड्रायव्हर चालू असताना
त्यानं म्हणे तारांवर कान ठेवला, अठरा आठवडे.
चाळीस मिलिसेकंद, लिहितो.
पण मी नऊवर चालवून पाहिलं, चालतं.
तेवीसवर चालतं.
मग चाळीस का?
त्या उरलेल्या वेळात असं काय घडतं
ज्याची मला भीती वाटायला हवी?

हे मात्र मलाही हवं होतं.
रविवारी बस धरून शिनपूला गेले.
ही चिप ज्यांनी जागी केली ते फान झन-क्वांग
आता तिथं पर्सिमॉन वाळवतात.
मोसम नव्हता. बांबूच्या गोल सुपल्या
भिंतीला उभ्या, रिकाम्या, कडांना जुना केशरी डाग.
मी कराराची आठवण करून दिली. ते हसले.
मग बराच वेळ एका सुपलीची सुटलेली काडी बसवत राहिले.

चाळीस होय, म्हणाले.
तीसवर एकदा अडकली होती. एकदाच.
का, ते आम्हाला कळलं नाही.
चाळीस लिहिलं, मग नाही अडकली.
शेवटची बस सव्वाअकराची होती.

आणि बिट तीन?
त्याला एक लिहिलं की चिप तापायची.
मग राखीव म्हटलं.

बायकोनं डब्यातली गेल्या साली वाळवलेली फळं दिली,
वर पांढरी साखर फुटलेली. दोन मी बसमध्येच खाल्ली.

सोमवारी सातशे बारा पानं सुरुवातीपासून चाळली.
अडकलेली ती एक वेळ त्यांत नाही.
सव्वाअकराची बस नाही.
संध्याकाळी काल्युला उत्तर लिहायला बसले.
सदर माहिती सध्या उपलब्ध नाही.
बोटांनी आपलं आपणच लिहिलं.

वाचून पाहिलं.
आणि त्यातला 'सध्या' खोडला.