खालचा अर्धा

ओउलूच्या ऑफिसात, गुरुवारी, इल्पोनं तक्ता दाखवला:
एकाच टीव्हीसमोर बसून खेळणारे शंभरात चार.
तोच रस्ता, तेच धुकं, तीच झाडं
यंत्राला दोनदा रंगवावी लागतात, त्या चौघांसाठी.
काढून टाकायचं का?
हात वर गेले. माझाही गेला.
दुसऱ्या हातात कॉफी होती.

घरी येताना बसच्या काचेला बर्फ चिकटत होता
आणि मला तार आठवली.
दीड मीटरची.
त्याहून लांब बसताच येत नसे.

कोक्कोलाला, तिसऱ्या मजल्यावर, एकवीस इंची टीव्ही.
वरचा अर्धा यार्क्कोचा, कारण तो मोठा.
खालचा माझा.
मधे केसाएवढी काळी रेघ,
पण बांधावरून भाऊबंद भांडावेत
तसे भांडायचो आम्ही तिच्यावरून.
"माझ्यात बघू नकोस."
"बघत नाहीये."
बघत होते. सगळं बघत होते.
तो कुठं वळतोय, कुठं कचरतोय,
कुठल्या कोठाराआड दबा धरून बसलाय.
अर्धा खेळ चोरीचाच होता.
वळण आलं की तो अख्खा डावीकडे कलायचा,
गाडीला जणू त्याचंच वजन लागणार होतं,
आणि कोपर माझ्या बरगडीत.
व्हॅक्यूम ओढत आई मधून जायची,
करकोच्यासारखा पाय उचलून, तारेवरून.

आता तो रॉटरडॅमला. बंदरात क्रेन चालवतो.
रात्री नऊला भेटतो आम्ही, दोघांना पूर्ण पडदा.
कानात त्याचा आवाज, जरा पत्र्याचा.
गेल्या हिवाळ्यात सलग तीन आठवडे
रोज एक किल्ला लढवला मिळून.
चौथ्या आठवड्यात आईकडून कळलं,
सास्किया घर सोडून गेली. कधीच गेली.
तीन आठवडे मी म्हणत होते, "डावीकडून ये,"
आणि तो येत होता. वेळेवर येत होता.
त्याच्या बाजूला काय दिसत होतं
ते मला कुठून दिसणार?

ख्रिसमसला आला, योरिसला घेऊन. नऊ वर्षांचा पोर.
नव्या खेळाच्या खोक्यावर चार हसरी माणसं,
खाली बारीक अक्षरांत: प्रत्येकाला वेगळं यंत्र हवं.
मग तळघरात गेलो. स्कीच्या काठ्यांमागे
जुनं यंत्र, मांजरानं चावलेली तार,
तिच्यावर बाबांनी गुंडाळलेली निळी पट्टी.
जोडायची डबी शेजारच्या पेंत्तीकडून आणली.
मोठ्या टीव्हीवर सगळं फुगलेलं, धुरकट,
झाडं म्हणजे हिरव्या विटा.
योरिस म्हणाला, "उरलेलं चित्र कुठंय?"
"ते तुझ्या आत्याचं," यार्क्को म्हणाला.

इल्पोचा आकडा खोटा नाही. शंभरात चार.
आज आम्ही तिघं. आई धरून चार.

दोनदा हरले मी. तिसऱ्यांदा
पुलाच्या अलीकडे वरची गाडी थांबली.
धडक नाही, काही नाही. इंजिन चालू,
मागच्या दिव्यांवर चौकोनी बर्फ पडतोय.
बघायचं नसतं. बघितलं.
शेजारचं कोपर जागचं हललं नाही.

मी माझी गाडी पुलाशी नेली, उभी केली.
मग त्याच्या अर्ध्यात माझी गाडी दिसली,
माझ्या अर्ध्यात त्याची.
पहिला नंबर कुण्या तिसऱ्याच, यंत्रातल्या गाडीनं नेला.

"अटकलंय का?" योरिस. "नेट गेलं?"
"नाही रे," यार्क्को म्हणाला, आणि नाक ओढलं.

आई ताटली घेऊन आली,
खाली न बघताच
पाय उचलला.