रोब्ले

ऑगस्टात ताजुराच्या आखातातला समुद्रही थंड नसतो.
नांगर खडकात अडकलेला,
आणि रोब्ले पाऊण तास तयार बसून:
गळ्यापर्यंत काळं रबर, पाठीवर टाकी,
कमरेला शिशाचे सहा ठोकळे.
"आत्ता सुटेल, आत्ता सुटेल," होमेद म्हणत राहिला.
सूटची चेन उघड, असं कुणी म्हटलं नाही.
मीही नाही. हे लिहून ठेवते.

आधी तो नुसता चिडला.
मग डोकं दुखतंय म्हणाला. मग गप्प झाला,
आणि बोटीवर गप्प माणूस शहाणा वाटतो.
घाम? सूटच्या आत कुणाचा दिसतो?
तो तिथेच साचत होता, कोपरांत, मोज्यांत,
उडून न जाणारा, म्हणजे बिनकामाचा.

मास्क त्याने तीनदा धुतला.
चौथ्यांदा धुताना मला "आई" म्हणाला.
मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान आहे.

मग कात्री.
उसना सूट मानेपासून मांडीपर्यंत कापला,
आतून वाफ आली, तव्यावरचं झाकण काढावं तशी.
"पाणी पाज त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं.
नाही. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही
त्याच्या घशात पाणी ओतायचं नसतं.
अंगावर ओता. कोमट तर कोमट, समुद्र ओता.
मासळीचा बर्फ बगलेत, जांघेत, मानेखाली.
होमेदने पाल ताणून सावली केली
आणि पायातल्या फिन्सनी वारा घालत बसला.

रेडिओवर किनाऱ्यावरचा डॉक्टर:
किती खोल गेला होता? किती वेळ?
कुठेच नाही, डॉक्टर.
हे बुडबुडे नाहीत. हा उतरलाच नाही.
पाण्यापासून दोन हातांवर बसून
हा माणूस शिजत होता.

सव्वीस बादल्या.
मोजल्या, कारण मोजताना रडता येत नाही.
सत्ताविसावी ओतणार तोच
"थंडी वाजतेय," तो कुरकुरला.
"नाव सांग."
"रोब्ले."
आमच्याकडे त्याचा अर्थ, पावसात जन्मलेला.
होमेद हसला, मग तोंड फिरवून उभा राहिला.

"आता बरा आहे मी," रोब्ले उठू लागला,
"दुसरा सूट द्या, उतरतो."
मी त्याला खांद्याने खाली दाबलं. दवाखाना अजून तासभर लांब.
होमेद काही बोलला नाही.
सुरा काढून त्याने नांगराचा दोर कापला,
जो पाऊण तासापूर्वीही
तितकाच सहज कापला गेला असता.